मरण कायम करणारे खेळ : एक आढावा

मनोरंजनासाठी मांडलेल्या खेळात हानी अशी ठेवावी की जी पुन्हा कधीच भरून निघू नये, आणि तरीही त्याच खेळाकडे माणसांनी तीन-साडेतीन दशके मोठ्या आवडीने वळत राहावे, ही गोष्ट वरवर पाहता विसंगत वाटते. संगणकावरील बहुसंख्य खेळांत मरण म्हणजे क्षणभराची तहकुबी असते. पात्र पडते, पडदा काळा होतो आणि खेळाडू चार पावले मागून पुन्हा चालू लागतो. परंतु पाळीपाळीने खेळावयाच्या, डावपेच आणि कथा यांचा संयोग साधणाऱ्या खेळांचा एक वर्ग असा आहे की, ज्यात रणांगणावर पडलेला शिपाई फौजेच्या हजेरीपटावरून कायमचा कमी होतो. त्याने कमावलेले कौशल्य, सोबत्यांशी जुळलेला त्याचा स्नेह, पुढच्या प्रकरणांत त्याच्या तोंडी यावयाचे संवाद, हे सारे त्याच्याबरोबर लयाला जाते आणि मोहीम मात्र त्याच्यावाचून पुढे चालू राहते. खेळाडूंच्या बोलीत या नियमाला ‘परमाडेथ’ म्हणतात. त्याचे आकर्षण कशात आहे, या प्रश्नाला कोणी शोकाच्या सामर्थ्याचे, कोणी आव्हानाच्या अभिमानाचे, तर कोणी कथेच्या सजीवपणाचे उत्तर देतो. आणि हा नियम म्हणजे केवळ जुन्या काळच्या अडाणी कठोरपणाचा अवशेष आहे, असे म्हणणारा पक्षही दुर्बळ नाही. या सर्व पक्षांचा परामर्श घेऊन काही निर्णय करता येतो काय, हे पाहण्याचा येथे उद्देश आहे.

आरंभीच एक भेद स्पष्ट करणे इष्ट होईल. मरण कायम करणारा प्रत्येक खेळ या वर्गात मोडत नाही. १९८० च्या सुमारास निघालेल्या आणि अमेरिकेतील विद्यापीठांच्या संगणकांवर पसरलेल्या ‘रोग’ या खेळात एकच नायक भुयारात उतरे, आणि तो मेला म्हणजे खेळाडूची सारी कमाई संपुष्टात येऊन पुन्हा पहिल्यापासून प्रारंभ करावा लागे. त्याच्या वंशातील खेळांनी हा नियम आजवर कुळाचारासारखा पाळला आहे. पण तेथे मरण म्हणजे समाप्ती असते. ज्याचा शोक करावा तो आणि ज्याने शोक करावा तो, दोघेही एकाच वेळी पटावरून उठतात. डावपेचांच्या खेळातील मरण ही समाप्ती नसून वजाबाकी आहे. फौज उरते, मोहीम उरते, आणि कालपर्यंत जेथे एक विशिष्ट माणूस उभा राहत असे ती जागा रिकामी ठेवूनच पुढचा डाव मांडावा लागतो. १९८१ च्या ‘विझर्ड्री’मध्ये या वजाबाकीचे बीज स्पष्ट दिसते; तेथे सहा जणांची टोळी असे, मेलेल्यास मंदिरात नेऊन द्रव्य मोजून उठविण्याची तजवीज असे, परंतु तो विधी फसला तर प्रेताची राख होई आणि राखेवरचा विधीही फसला तर तो मनुष्य कायमचा नाहीसा होई.

या नियमाची दुसरी वंशरेषा पटावरच्या युद्धातून येते. बुद्धिबळात प्यादी मारली जातात, उंट-घोडे मारले जातात. परंतु त्यांना नावे नसल्यामुळे त्यांचा शोक कोणी करीत नाही, डाव संपताच ती सारी पुन्हा पटावर येतात, आणि एका राजावर आलेले संकट तेवढे डावाचा निकाल लावते. १८२४ मध्ये प्रशियाच्या लष्करात राइसविट्झ याने मान्य करून घेतलेल्या ‘क्रीग्सश्पील’मध्ये फासे आणि कोष्टके यांच्या साहाय्याने पलटणींची हानी मोजली जाऊ लागली; पण ती हानी पलटणीची होती, माणसाची नव्हती. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या १९७४ च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने या परंपरेत मोठी क्रांती केली ती एवढीच की, एका सोंगटीला एक माणूस ठरवून तिला नाव, गुण आणि पूर्वचरित्र दिले. सोंगटीला नाव मिळताच तिचे मरण हा हिशेबाचा विषय न राहता चरित्राचा विषय झाला, आणि आपल्या प्रस्तुत विषयाचे सारे नाट्य या स्थित्यंतरात साठविलेले आहे.

तथापि या दोन रेषांचा मिलाफ होऊन त्याला स्वतंत्र स्वरूप आले ते जपानात. २० एप्रिल १९९० रोजी निन्टेन्डोच्या फॅमिकॉम यंत्रासाठी ‘फायर एम्ब्लेम : अंकोकुर्यू तो हिकारी नो त्सुरुगी’ हा खेळ बाजारात आला. तो रचणाऱ्या ‘इंटेलिजंट सिस्टिम्स’ या संस्थेने त्यापूर्वी, १९८८ मध्ये, ‘फॅमिकॉम वॉर्स’ हा रणगाडे आणि पायदळ कारखान्यातून काढून झुंजविण्याचा खेळ केला होता, आणि त्यात एक रणगाडा गेला तर दुसरा विकत घेता येई. शोझो कागा यांनी या नव्या खेळात ती खरेदीच बंद केली. राजपुत्र मार्स याच्या फौजेत पन्नासाहून अधिक माणसे येऊ शकतात. प्रत्येकाला नाव, चेहरा आणि फौजेत येण्याचे काही कारण आहे, पण एकाचीही दुसरी प्रत नाही. राजपुत्र पडला तर बुद्धिबळातील राजाप्रमाणे खेळ संपतो. इतर कोणी पडला तर खेळ चालू राहतो, आणि ही दुसरी गोष्टच पहिलीपेक्षा अधिक जिव्हारी लागते. फौजेतील प्रत्येक माणसाची पातळी वाढताना बळ, चपळाई, संरक्षण इत्यादी गुणांपैकी कोणते वाढतील हे काही अंशी नशिबावर सोपविलेले असल्यामुळे, एका खेळाडूच्या फौजेतील भित्रा पोरगा दुसऱ्याच्या फौजेत रणधुरंधर निघतो. त्यामुळे गमावलेला माणूस हा सर्वांना ठाऊक असलेल्या कथेतील पात्र नसून केवळ त्या खेळाडूच्याच हाताखाली घडलेला माणूस असतो. प्रत्येकाची हानी वेगळी असल्यामुळे प्रत्येकाच्या हाती आलेली कथाही वेगळी असावी, आणि काही माणसे गमावूनही खेळाडूने पुढे जावे, अशीच कागांची धारणा होती.

पुढच्या खेळांतून त्यांनी या नियमाचे निरनिराळे परिणाम पडताळून पाहिले. १९९६ च्या ‘सेइसेन नो केइफु’मध्ये कथेच्या मध्यावर एक पिढीच्या पिढी विश्वासघाताने कापली जाते आणि पुढचा अर्धा खेळ तिच्या मुलांना घेऊन खेळावा लागतो, ज्या स्त्रीचा विवाह जुळण्याआधीच अंत झाला तिची मुले अर्थातच येत नाहीत, त्यांच्या जागी दुसरी, सामान्य वकुबाची माणसे येतात. एका चुकीची फळे पुढच्या पिढीपर्यंत पोहोचविण्याची ही योजना संगणकीय खेळांत दुर्मीळ आहे. १९९९ च्या ‘थ्रेशिया ७७६’मध्ये वेढ्यातून निसटण्याची प्रकरणे आहेत, त्यांत नायक आधी बाहेर पडला तर मागे राहिलेले सोबती शत्रूच्या कैदेत पडतात, म्हणजे मरण नव्हे तरी हानीचे आणखी एक द्वार उघडे राहते. कागा यांच्यानंतरच्या रचनाकारांनी भर दिला तो स्नेहसंबंधांवर. २००२ पासून शेजारी उभे राहून लढणाऱ्या दोन पात्रांत संवाद फुलू लागले, २०१२ च्या ‘अवेकनिंग’मध्ये त्यांचे विवाह आणि अपत्ये यांना पुन्हा स्थान मिळाले, आणि २०१९ च्या ‘थ्री हाउसेस’मध्ये तर खेळाडूला एका विद्यालयाचा शिक्षक करून, त्यानेच शिकविलेल्या व चहाला बोलाविलेल्या विद्यार्थ्यांना पाच वर्षांनंतरच्या युद्धात त्याच्या हुकमाखाली, आणि इतर वर्गांतील मुलांना त्याच्या विरुद्ध पक्षात, उभे केले. आसक्ती वाढवीत न्यावी आणि हानीची शक्यता तशीच ठेवावी, ही या मालिकेची दुहेरी पकड आहे.

दुसरी परंपरा इंग्लंडमध्ये उदय पावली आणि तिची प्रकृती अगदी निराळी होती. ज्युलियन आणि निक गॉलॉप या बंधूंचा ‘यूएफओ : एनिमी अननोन’ हा खेळ १९९४ मध्ये ‘मायक्रोप्रोज’ने प्रकाशित केला, अमेरिकेत तो ‘एक्स-कॉम’ या नावाने प्रसिद्ध झाला. परग्रहावरील आक्रमकांविरुद्ध लढणाऱ्या या संघटनेतील शिपायांना लेखकाने चरित्र दिलेले नाही. संगणक यादृच्छिक नावे निवडून त्यांना भरती करतो, आणि एक मेला तर पगार मोजून दुसरा आणता येतो. असे असूनही या खेळातील मरणे खेळाडूंच्या स्मरणात वर्षानुवर्षे राहतात, याचे कारण शिपायांची नावे बदलण्याची मुभा खेळाडूला आहे आणि ती मुभा बहुतेकांनी आपल्या मित्रांची, भावंडांची व सहकाऱ्यांची नावे देण्यासाठी वापरली. जेक सॉलोमन यांच्या नेतृत्वाखाली ‘फिरॅक्सिस’ने २०१२ मध्ये या खेळाची नवी आवृत्ती काढली तेव्हा शिपायांना चेहरे आणि टोपणनावे मिळाली, छावणीत मृतांची नावे, त्यांच्या मोहिमा आणि त्यांनी मारलेले शत्रू यांची नोंद ठेवणारी स्मरणभिंत आली, आणि मोहिमेवर जाणाऱ्या तुकडीची मर्यादा सहांवर आल्यामुळे एकेकाचे मोल वाढले.

या दोन परंपरांतील फरक आसक्तीच्या उगमाचा आहे. जपानी खेळात लेखक आपल्या पात्राला अगोदरच चरित्र देतो आणि खेळाडू ते वाचीत जातो. पाश्चात्त्य खेळात शिपाई कोऱ्या कागदासारखा येतो आणि त्याचे चरित्र त्याच्या जखमा, नेमबाजी व योगायोगाने टळलेली संकटे यांतून खेळाडूच्या मनात लिहिले जाते. पहिल्यातील मरणाने एक कथानक खंडित होते. दुसऱ्यातील मरणाने एक कथानक पूर्ण होते, कारण त्या शिपायाला त्या अंतावाचून दुसरा अंत कोणी लिहून ठेवलेलाच नव्हता. या दुसऱ्या शाखेचाच विस्तार कॅनडातील ‘रेड हुक’ या संस्थेच्या २०१६ च्या ‘डार्केस्ट डंजन’मध्ये झाला, तेथे भाड्याने येणारे वीर शरीराबरोबर मनानेही खचतात, शून्यावर आलेला वीर मृत्यूच्या उंबरठ्यावर उभा राहून प्रत्येक पुढच्या घावाबरोबर नशीब आजमावतो, आणि गावातील दफनभूमी खेळाडूच्या कारभाराचा जमाखर्च मांडत राहते. जर्मनीत घडलेल्या २०१७ च्या ‘बॅटल ब्रदर्स’मध्ये भाडोत्री सैनिकांच्या तुकडीचे असेच एक मृत्युदप्तर ठेवलेले असते.

या दोन टोकांच्या मध्ये तडजोडीचे अनेक प्रकार होऊन गेले. यासुमी मात्सुनो यांच्या १९९७ च्या ‘फायनल फँटसी टॅक्टिक्स’मध्ये पडलेल्या शिपायाच्या डोक्यावर तीनचा आकडा दिसतो, त्याच्या तीन पाळ्या उलटण्यापूर्वी त्याला उठविले नाही तर त्याचा स्फटिक होतो किंवा तेथे नुसती पेटी उरते. सेगाच्या २००८ च्या ‘वाल्किरिया क्रॉनिकल्स’मध्ये तीन पाळ्यांच्या आत कोणी सोबत्याने जखमीपर्यंत धाव घेतली तर तो वाचतो, आणि शत्रू आधी पोहोचला तर मरतो. २०२१ च्या ‘वाइल्डरमिथ’ने तर निवडच खेळाडूवर सोपविली : पडणाऱ्या वीराने शत्रूवर अखेरचा घाव घालून मरावे, की एखादा अवयव गमावून जगावे. या सर्व योजनांत मरणाची अटळता थोडी सैल केली आहे, पण तिची मुदत दाखवून तिचा धाक मात्र उलट वाढविला आहे. जखमी सोबत्यासाठी सुरक्षित जागा सोडून उघड्यावर धावावे काय, हा प्रश्न त्या तीन पाळ्यांत जितका तीव्र होतो तितका तो तत्काळ मरणाने कधीच होत नाही.

आता या आकर्षणाचे स्वरूप तपासू. एखाद्या पाळीची कल्पना करा. पंख असलेल्या घोड्यावरची एक स्वार नदी ओलांडून सहज पलीकडे जाऊ शकते आणि तेथील गाव दरोडेखोरांपासून वाचवू शकते. परंतु टेकाडामागे एक तिरंदाज आहे, आणि या खेळांत उडणाऱ्यांवर बाणाचा आघात अनेकपट होतो. खेळाडू तिरंदाजाची चाल किती घरांची, त्याचा बाण किती घरे जातो, वाटेत झाडी आहे की मोकळे रान, हे मोजतो. मग एखादा चिलखती शिपाई पुढे काढून तिरंदाजाचे लक्ष त्याच्याकडे वळेल काय, याचा विचार करतो. मग त्या चिलखत्यावर मागून येणारा जादूगार घाव घालील काय, हे पाहतो. आणि शेवटी कित्येकदा गाव जळू देऊन स्वाराला मागेच ठेवतो. या सबंध प्रसंगात कोणीही मेले नाही. पण प्रत्येक घर मोजताना मरण खेळाडूच्या शेजारी उभे होते, आणि ते उभे नसते तर ही मोजणी त्याने केलीच नसती. प्रस्तुत लेखकाच्या मते या नियमाचे मर्म येथे आहे : मरणाचे मुख्य कार्य मरण घडण्याच्या आधी होऊन गेलेले असते. दंडविधानाचे सामर्थ्य ज्याप्रमाणे दिलेल्या शिक्षांच्या संख्येत नसून टळलेल्या अपराधांत असते, त्याप्रमाणे या नियमाचे सामर्थ्य मृतांच्या यादीत नसून जिवंतांच्या मांडणीत असते.

मात्र या मोजणीत नशिबाचा वाटा आहे, आणि तो नसता तर हा खेळ निव्वळ गणित झाला असता. नेम लागण्याची शक्यता शेकड्यात दाखविलेली असते. नव्वद टक्के दाखविले असता दहांपैकी एक वार चुकणे न्याय्यच, पण माणसाचे मन नव्वदाला निश्चिती समजते आणि चुकलेल्या वाराला विश्वासघात मानते. रचनाकारांना ही मनुष्यस्वभावाची खोड चांगली ठाऊक आहे. फायर एम्ब्लेम मालिकेने २००२ पासून एका यादृच्छिक अंकाऐवजी दोन अंकांची सरासरी घेण्याची युक्ती पत्करली. तिच्यामुळे दाखविलेले नव्वद टक्के प्रत्यक्षात अठ्ठ्याण्णवाच्या आसपास जातात, पंचाहत्तर टक्के सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीपर्यंत चढतात, आणि पन्नासाखालचे आकडे त्याच प्रमाणात घसरतात. २०१२ च्या एक्सकॉमनेही सोप्या पातळ्यांवर लागोपाठ नेम चुकल्यास पुढच्या नेमाला छुपी सवलत दिली. म्हणजे ज्या खेळांची ख्याती निर्दयपणाबद्दल आहे, ते खेळ पडद्याआड खेळाडूला सांभाळूनच घेत असतात; कारण मरण कायमचे असेल तर ते निदान आपल्या चुकीचे फळ आहे असे खेळाडूला वाटले पाहिजे, आणि नुसत्या नशिबाने आलेले मरण त्याला उत्तरदायी न करता केवळ चिडवून सोडते.

येथे एक मोठा आक्षेप उभा राहतो. प्रत्यक्षात कित्येक खेळाडू, किंबहुना या मालिकांचे अत्यंत निष्ठावंत भक्तसुद्धा, आवडता शिपाई मरताच यंत्र बंद करून ते प्रकरण पहिल्यापासून खेळतात. तर मग हा नियम कायमचा कसा, आणि त्याचे आकर्षण ते कसले? आक्षेपकांचे म्हणणे असे की, ज्या शिक्षेची अंमलबजावणी कोणी स्वीकारतच नाही ती शिक्षा नसून वेळेचा दंड आहे, आणि तासाभराचा डाव पुन्हा खेळावयास लावणे यात कलात्मक असे काही नाही. रचनाकारांनी यावर दोन प्रकारचे उपाय योजले. एक्सकॉमने खेळ साठविताना पुढच्या यादृच्छिक अंकांचा क्रमही साठवून ठेवला, त्यामुळे मागे जाऊन तोच नेम पुन्हा साधला तर तो पुन्हा तसाच चुकतो. शिवाय ‘आयर्नमॅन’ नावाची पद्धत देऊन, प्रत्येक कृतीनंतर एकाच जागी आपोआप नोंद होईल आणि मागची नोंद रद्दबातल होईल, अशी व्यवस्था केली. ‘डार्केस्ट डंजन’ने तर दुसरा मार्गच ठेवला नाही. परंतु या उपायांहून महत्त्वाची गोष्ट ही की, पुन्हा आरंभ करणारा खेळाडूही त्याच कायद्याच्या अंमलाखाली असतो. दुसऱ्यांदा डाव मांडताना तो अधिक सावध होतो, तिरंदाजाची चाल अधिक काळजीने मोजतो. मरण त्याने नामंजूर केले, पण त्याचा धाक नामंजूर केला नाही. मरण स्वीकारून पुढे जाणारा आणि ते नाकारून मागे फिरणारा, या दोघांत स्वभावभेद आहे. त्यांच्या पाळ्यांच्या घडणीत मात्र भेद फारसा नाही.

खरा भेद पडतो तो धाकच काढून घेतला असता. फायर एम्ब्लेम मालिकेने २०१० मध्ये, जपानपुरत्याच निघालेल्या एका पुनर्रचित आवृत्तीत, ‘कॅज्युअल’ पद्धती आणली; तीत पडलेला शिपाई पुढच्या प्रकरणात परत येतो. यामागची निकड खरी होती. मालिकेचा खप उतरत चालला होता, आणि ‘अवेकनिंग’च्या अडीच लाख प्रती खपल्या नाहीत तर मालिका थांबवावी लागेल, असे निन्टेन्डोकडून सांगण्यात आले होते, हे तिच्या निर्मात्यांनी पुढे उघड केले. ‘अवेकनिंग’ने ती मर्यादा सहज ओलांडली, आणि कॅज्युअल पद्धतीमुळे या प्रकारच्या खेळाकडे पूर्वी कधी न वळलेला मोठा वर्ग आला. २०१५ च्या ‘फेट्स’ने आणखी पुढे जाऊन ‘फीनिक्स’ पद्धती दिली. तीत पडलेला शिपाई पुढच्याच पाळीला उभा राहतो. या सवलतींविरुद्ध जुन्या खेळाडूंनी जी कुरकुर केली तिच्यात अहंकाराचा भाग बराच होता. दुसऱ्याच्या यंत्रावरील सवलतीने आपला पराक्रम कमी होत नाही, हे त्यांना उमगावयास हवे होते. पण तिच्यात तथ्याचाही भाग होता. परत येणारा शिपाई हा ढाल म्हणून पुढे टाकण्यास सोयीचा असतो, आणि एकदा ही सोय लक्षात आली की पटावरची सारी भूमिती बदलते. नदी, टेकाड आणि झाडी यांचे मोल उतरते, आणि कोणाचे बळी आज परवडतील एवढाच हिशेब उरतो. गंमत अशी की, दया दाखविणारा नियमच खेळाडूला आपल्या माणसांविषयी निर्दय करतो.

म्हणून या प्रश्नाचे अधिक समंजस उत्तर काळाला मागे वळविण्याच्या योजनांत सापडते. ‘टॅक्टिक्स ओगर’च्या २०१० च्या पुनर्रचनेत पन्नास पाळ्यांपर्यंत मागे जाण्याची मुभा मिळाली, फायर एम्ब्लेम मालिकेतील २०१७ च्या ‘इकोज’मध्ये आणि पुढे ‘थ्री हाउसेस’मध्ये मोजक्या वेळा काही चाली मागे घेण्याची सोय आली. तासाभराचा डाव पुन्हा खेळण्याचा दंड तिने माफ केला, परंतु प्रत्येक माघारीला मर्यादित शिल्लकीतून किंमत मोजावी लागत असल्यामुळे धाक मात्र शिल्लक ठेवला. शेवटची माघार खर्ची पडल्यावरचा खेळ पुन्हा १९९० च्या खेळाइतकाच कठोर होतो, आणि ती कठोरता खेळाडूने स्वतःच्या उधळपट्टीने ओढवून घेतलेली असते.

नियमाच्या विरोधकांचे आणखी दोन आक्षेप दखल घेण्याजोगे आहेत. पहिला साखळी-हानीचा : ज्याचे चांगले शिपाई मेले त्याच्या हाती दुबळी फौज उरते, दुबळ्या फौजेने आणखी शिपाई मरतात, आणि पराभव निश्चित झाल्यावरही मोहीम कित्येक तास रेंगाळते. एक्सकॉमच्या खेळाडूंना हा अनुभव परिचित आहे, आणि त्यावर पुरेसा तोडगा निघालेला नाही. दुसरा आक्षेप कथेचा : कोणतेही पात्र केव्हाही मरू शकत असल्यामुळे लेखक मुख्य कथानक त्याच्यावर अवलंबून ठेवू शकत नाही, आणि भरतीच्या प्रसंगी दोन वाक्ये बोललेला वीर पुढे सबंध कथेत मुका होतो. या अडचणीवर काढलेली पळवाट, म्हणजे महत्त्वाच्या पात्रांनी मरण्याऐवजी जखमी होऊन ‘माघार’ घ्यावी, ही तर नियमालाच भगदाड पाडते. फौजेत अमर आणि मर्त्य अशा दोन जाती पडतात आणि खेळाडूला ते चटकन कळते. नियमाच्या अतिरेकाचेही उदाहरण आहे. २००८ मध्ये पहिल्या फायर एम्ब्लेमची पुनर्रचना झाली तेव्हा तीत काही जादा प्रकरणे अशी ठेवली की, फौज पंधरा जणांवर किंवा त्याखाली आल्याशिवाय ती उघडतच नाहीत. हानी सोसणाऱ्याला सांत्वन देण्याचा हेतू असावा. परिणाम असा झाला की, माणसे सांभाळणाऱ्या खेळाडूला ती प्रकरणे पाहण्यासाठी स्वतःच्याच शिपायांना मुद्दाम शत्रूच्या तोंडी द्यावे लागले. जेथे हानीला बक्षीस मिळते तेथे धाक संपतो, आणि धाक संपला की हा नियम केवळ क्रौर्य होऊन बसतो.

आता राहिला शोकाच्या आनंदाचा प्रश्न, आणि तो मराठी वाचकाला अपरिचित नाही. करुणरसापासून आनंद का होतो, यावर आपल्याकडे पुष्कळ ऊहापोह झाला आहे. न. चिं. केळकर यांनी १९२१ मध्ये बडोद्याच्या साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून सविकल्प समाधीची जी कल्पना मांडली, तिच्यानुसार वाचक आपले स्वतःचे भान न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेशी एकरूप होतो आणि या दुहेरी अवस्थेतच वाङ्मयाचा आनंद असतो. हे विवेचन या खेळांना बऱ्याच अंशी लागू पडते. खेळाडू स्वाराच्या भीतीत सहभागीही असतो आणि तिच्यापासून अलिप्त राहून घरेही मोजीत असतो. परंतु एका ठिकाणी खेळ वाङ्मयाच्या पुढे जातो किंवा निदान त्याच्यापासून वेगळा होतो. शोकान्त नाटकाचा प्रेक्षक निर्दोष असतो. नायकाच्या मरणाला नाटककार किंवा नियती जबाबदार असते. येथे हुकूम देणारा आणि शोक करणारा एकच असल्यामुळे त्याच्या शोकात अनुताप मिसळतो, आणि हा मिश्ररस जुन्या साहित्यशास्त्राच्या कोष्टकांत नीट बसत नाही. जो अनुताप प्रत्यक्ष जीवनात माणूस टाळू पाहतो, तो येथे तो हौसेने पत्करतो, कारण येथे चुकीची किंमत खरी वाटते पण कोणा खऱ्या माणसाला मोजावी लागत नाही.

एकंदर विचार करता आव्हानाचा अभिमान, शोकाची गोडी आणि कथेची विविधता ही तिन्ही उत्तरे खरी असली तरी ती दुय्यम आहेत. अभिमान आयर्नमॅन पत्करणाऱ्या थोड्यांचा, शोक प्रसंगविशेषापुरता, आणि कथेच्या बाबतीत तर नियमाने जितके दिले तितकेच हिरावूनही घेतले आहे. सर्व खेळाडूंना, सर्व पाळ्यांत, समान मिळते ती गोष्ट म्हणजे हुकूम देण्यापूर्वीचा तो विलंब, ज्यात नाव असलेल्या एका माणसाचा विचार नकाशावरील सर्व घरांपेक्षा मोठा होतो. त्यासाठी नियम सर्वांवर लादण्याची गरज नाही. सवलत ऐच्छिक ठेवावी, पण पट मात्र सवलत नाकारणाऱ्यासाठी रचावा, कारण धाक गृहीत धरून रचलेला पट सवलतीनेही खेळता येतो, आणि सवलत गृहीत धरून रचलेल्या पटावर मागाहून धाक आणू गेले तर हाती केवळ चीड येते. या नियमाचे मोजमाप किती पात्रे मेली यावरून करू नये. ती मरू नयेत म्हणून खेळाडूने किती चाली मनातल्या मनात रद्द केल्या, यावरून करावे.